ख्रिसमसची पुरवणी जूनमध्ये काढा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. गेल्या डिसेंबरात आपल्या रविवारच्या पुरवणीत ख्रिसमसच्या सुट्टीत पहिल्यांदाच परदेशी जाणाऱ्यांसाठी पानभर मजकूर आला होता, तो मी कापून ठेवलाय. फोटो खरंच सुंदर होते, बर्फ काय, दिवे काय, लाकडी स्टॉल काय, पण ज्याला त्याच डिसेंबरात जायचं होतं त्याच्या हातात ते पान पडलं तेव्हा वेळ कधीच निघून गेली होती आणि ज्याला पुढच्या वर्षी जायचंय तो तोवर ते विसरूनही जाणार. म्हणून माझी साधी मागणी आहे की ख्रिसमसची प्रवास पुरवणी जूनमध्ये काढा. जूनमध्ये बर्फाचे फोटो छापायचे म्हणजे तुमच्या डेस्कवर लोक हसतील हे मला कळतं, पण या सुट्टीचं खरं कामच जूनमध्ये सुरू होतं त्याला मी तरी काय करणार.

हे एवढ्या ठामपणे सांगतेय कारण आमच्या नात्यात कुणाचाही फिरायला जायचा बेत ठरला की तो तपासायला माझ्याकडे येतो. यंदा भाचीचा आला, डिसेंबर २०२६चा. "मावशी, फक्त एकदा नजर टाक, बाकी सगळं ठरलंय." सगळं म्हणजे काय तर आधी पॅरिस, मग लंडन, मग अ‍ॅमस्टरडॅम, कोलोन, स्वित्झर्लंड, प्राग, व्हिएन्ना आणि शेवटी पार वर फिनलंडमध्ये रोव्हानिएमी, तिथे सांता आणि नॉर्दर्न लाइट्स, आणि हे सगळं दोन आठवड्यांत. बरोबर नवरा, गुडघेदुखीवाल्या सासूबाई आणि आठ वर्षांचं पोरगं, यातल्या कुणीही आजवर देशाबाहेर पाऊल टाकलेलं नाही. एवढं कशाला गं म्हटलं तर म्हणते, "परत कधी जमणारे, एकदाच जायचं तर सगळं बघूनच येऊ की."

तिचा हा विचार मला मुळीच हास्यास्पद वाटत नाही. कमी बघा, निवांत बघा हे सांगणारे बहुतेक जण स्वतः पाचसहा वेळा जाऊन आलेले असतात, त्यांना ते परवडतं. पहिल्यांदा जाणाऱ्याला हाव असणारच आणि असावी. घोडं अडतं ते दुसरीकडेच, बेत नकाशा बघून केलेला असतो आणि ख्रिसमसची सुट्टी नकाशावर चालत नाही, ती कॅलेंडरवर चालते, आणि घड्याळावर.

घड्याळाचंच आधी सांगते, कारण फोटोत ते दिसत नाही. २१ डिसेंबरच्या आसपास लंडनला दिवस जेमतेम आठ तासांचा असतो आणि चारला सहासात मिनिटं कमी असतानाच सूर्य मावळतो. अ‍ॅमस्टरडॅमला त्याहून थोडा कमी, प्राग आणि व्हिएन्नाला थोडा जास्त. पॅरिस आणि व्हिएन्ना यांचं घड्याळ एकच आहे पण पॅरिस खूप पश्चिमेला असल्यामुळे तिथे सूर्य उगवतो पावणेनऊच्या सुमाराला आणि मावळतो पाचच्या जरा आधी, व्हिएन्नात मात्र पावणेआठला उजाडतं आणि चारला संध्याकाळ. म्हणजे व्हिएन्नात लवकर उठणाऱ्याचा फायदा आहे आणि पॅरिसमध्ये सकाळी आठला सगळ्यांना हाकलत बाहेर काढलं तर काळोखात थंडीत उभं राहायचं. एवढी साधी गोष्ट कुठल्याच रंगीत पानावर नसते.

आता यात गाव बदलायचा हिशेब घाला. नाश्ता उरकून, बॅगा भरून, चेकआउट करून दहाची ट्रेन पकडली, चारएक तासांचा प्रवास झाला, दोन वाजले, हॉटेलची खोली बहुतेक ठिकाणी तीनला मिळते, सामान टाकून बाहेर पडताय तोवर दिवस मावळला. उन्हाळ्यात याच ठिकाणी रात्री नऊपर्यंत उजेड असतो म्हणून तिथे गाव बदललं तरी अर्धा दिवस शिल्लक राहतो, डिसेंबरात अख्खा दिवस जातो. आठ ठिकाणं म्हणजे सात वेळा गाव बदलणं, म्हणजे दोन आठवड्यांतले सात दिवस स्टेशनं आणि विमानतळ. मी हे तिला कागदावर मांडून दाखवलं तेव्हा जावई बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "मावशी, मग अंधार पडल्यावर करायचं काय तिथे?" हा प्रश्न मला फार आवडला, कारण अंधार तर या सुट्टीचा निम्मा मजा आहे, दिवे बघायला अंधारच लागतो ना. फक्त उघड्यावरच्या गोष्टी, किल्ला, नदीकाठ, जुनी गल्ली, हे सगळं दहा ते तीनमध्ये बसवायचं, बाजार आणि रोषणाई चारनंतर, आणि म्युझियम संध्याकाळी उघडं असेल त्या वाराला. पॅरिसचं लूव्र बुधवारी आणि शुक्रवारी रात्री नऊपर्यंत असतं, मंगळवारी बंद असतं. यंदा २२ आणि २९ डिसेंबर मंगळवार आहेत. शिवाय २५ डिसेंबर आणि १ जानेवारीला ते बंद, आणि यंदा हे दोन्ही दिवस शुक्रवारीच आलेत. झालं, एका म्युझियमचे किती दिवस गेले बघा, आणि हे सगळं आज घरबसल्या कळतंय.

बंद असण्याचा विषय निघालाच आहे तर तो मला जरा सविस्तर लिहायचाय, कारण पहिल्यांदा जाणाऱ्याची सगळ्यात मोठी गैरसमजूत इथे असते. आपल्याला वाटतं की ख्रिसमस म्हणजे सगळं उघडं, गजबजलेलं, रात्रभर चालू. तिकडे हा सण घरात बसून साजरा करायचा आहे हो. लंडनमध्ये २५ डिसेंबरला मेट्रो नाही, बस नाही, ट्रेन नाही, टॅक्सी किंवा पाय. ब्रिटिश म्युझियम २४, २५ आणि २६ असं तीन दिवस बंद. लंडन-पॅरिस युरोस्टार ट्रेन २५ला धावतच नाही, आणि माझ्या भाचीच्या प्लॅनमध्ये नेमका २५ला युरोस्टार होता, मला फोन करून म्हणते की वेबसाइटमध्ये काहीतरी प्रॉब्लेम आहे, त्या दिवशीची एकही गाडी दाखवत नाहीये. जर्मनी आणि ऑस्ट्रियात २५ आणि २६ दोन्ही सार्वजनिक सुट्ट्या आहेत आणि दुकानं रविवारीही बंद असतात. २०२६ मध्ये २५ शुक्रवार, २६ शनिवार, २७ रविवार. म्हणजे २४च्या दुपारी जे शटर पडेल ते थेट सोमवारी २८ला उघडेल, मोठ्या स्टेशनांमधली दुकानं आणि काही हॉटेलं सोडून. बुटाचा सोल निघाला, चार्जर विसरला, काहीही झालं तरी तीन दिवस थांबा. हे आधी माहीत असेल तर काही बिघडत नाही, २३लाच घेऊन ठेवाल. २४च्या रात्रीच्या जेवणाचं टेबलही आधी बुक करा, कारण त्या रात्री बरीच रेस्टॉरंट लवकर बंद होतात किंवा उघडतच नाहीत, आणि परक्या शहरात थंडीत उपाशी मुलाला घेऊन बंद दारं बघत फिरणं हा काही आठवणीत ठेवायचा अनुभव नाही.

आणि ते बाजार. ज्यांच्या फोटोंनी तुमचं पान भरलं होतं ते ख्रिसमस मार्केट. भाचीने कोलोन २७ डिसेंबरला ठेवलं होतं. कोलोनच्या कॅथेड्रलसमोरचा बाजार दरवर्षी २३च्या सुमाराला गुंडाळतात. जर्मनीतल्याच न्यूरेंबर्गचा प्रसिद्ध बाजार २४ला दुपारी संपतो. लोकांना हे विचित्र वाटतं, ख्रिसमसचा बाजार आणि ख्रिसमसलाच बंद, पण कारण सोपं आहे, हे बाजार मुळात अ‍ॅडव्हेंटचे, म्हणजे ख्रिसमसच्या आधीच्या चार रविवारांच्या वाट बघण्याच्या काळाचे. ड्रेस्डेनचा बाजार १४३४ पासूनचा सांगतात, स्ट्रासबुर्गचा १५७० पासूनचा, तेव्हापासून हेच चालत आलंय, लोकांनी सामान घ्यायचं आणि सणाला घरी जायचं. यंदा अ‍ॅडव्हेंट २९ नोव्हेंबरला सुरू होतो. ज्याला बाजारच बघायचे आहेत त्याने डिसेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात जावं, शाळा आडवी येत नसेल तर. येत असेल तर प्राग धरा, तिथल्या जुन्या चौकातला बाजार ६ जानेवारीपर्यंत असतो, किंवा व्हिएन्नात शोनब्रुन राजवाड्यासमोरचा, तो ख्रिसमसनंतर नवीन वर्षाचा बाजार म्हणून चालू राहतो. आणि शोनब्रुन राजवाडा स्वतः २५ डिसेंबरलाही उघडा असतो, म्हणजे सगळं बंद असतानाच्या दिवसाला एक आधार मिळाला. अशा चारपाच गोष्टी शोधून ठेवल्या की २५-२६ तारीख रिकामी जात नाही. नाहीतर चर्चमधलं संगीत आहेच, नदीकाठी चालणं आहेच, तेही फुकट.

आता जून का, ते सांगते. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी करता येतो आणि कमीत कमी पंधरा दिवस आधी. १९ डिसेंबरला निघायचं असेल तर १९ जूनला खिडकी उघडते. निर्णय साधारण पंधरा दिवसांत द्यायचा असा नियम आहे पण काही प्रकरणांत तो पंचेचाळीस दिवसांपर्यंत लांबू शकतो, आणि खरी अडचण त्याच्याही आधी असते, अर्ज द्यायला जायची अपॉइंटमेंटच मिळत नाही, कारण डिसेंबरात जाणारे सगळे ऑक्टोबर-नोव्हेंबरात जागे होतात. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा, तिकडून निघायच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा हवा, दोन कोरी पानं हवीत. सासूबाईंचा पासपोर्ट काढला होता पण ठेवला कुठे ते कुणालाच माहीत नाही, म्हणजे जूनचं काम जूनच्याही आधी सुरू. इन्शुरन्स किमान ३० हजार युरोचा, त्यात तातडीचं वैद्यकीय उपचार आणि परत आणण्याचा खर्च धरलेला हवा. आणि अर्ज कुठल्या देशाकडे करायचा, तर जिथे सर्वात जास्त रात्री राहणार त्या देशाकडे, सगळीकडे सारख्याच असतील तर जिथे पहिल्यांदा उतरणार तिथे. आठ गावांच्या बेतात या प्रश्नाचं उत्तर देताना भाचीचा आणि जावयाचा असा काही वाद झाला की मी फोन ठेवून दिला.

त्यात लंडन. ब्रिटन शेंगेनमध्ये नाही, त्याचा व्हिसा वेगळा, तो प्रवासाच्या तीनच महिने आधी मागता येतो आणि त्याला साधारण तीन आठवडे लागतात. म्हणजे एकाच पासपोर्टवर दोन अर्ज एकामागून एक बसवायचे, शेंगेनचा जून-जुलैत आटपून सप्टेंबरात ब्रिटनचा. जमतं, पण जूनमध्ये सुरुवात केली तरच. आणि एक फार बारीक गोष्ट जी मला या बेतात सगळ्यात जास्त खटकली, पॅरिस, मग लंडन, मग अ‍ॅमस्टरडॅम. पॅरिसहून लंडनला गेलात की शेंगेनमधून बाहेर पडलात, अ‍ॅमस्टरडॅमला उतरताना पुन्हा प्रवेश. व्हिसावर एकदाच प्रवेशाचा शिक्का असेल तर तिथेच खेळ खलास, सगळी हॉटेलं बुक असताना सीमेवर परत फिरायचं. लंडन सुरुवातीला ठेवा नाहीतर शेवटी, मधे नको, एवढा एक बदल केला असता तरी निम्मं ओझं उतरलं असतं. स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नसूनही शेंगेनमध्ये आहे, त्याला वेगळा व्हिसा लागत नाही, हा प्रश्न मला दर वर्षी कुणीतरी विचारतंच. शिवाय १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर शिक्क्याऐवजी संगणकात नोंद करायची पद्धत टप्प्याटप्प्याने आलीये, पहिल्यांदा येणाऱ्याचा फोटो वगैरे तिथेच घेतात, म्हणजे रांग लांब. पहिल्या विमानतळावर दीड तासात दुसरं विमान पकडायचं असलं साहस ख्रिसमसच्या आठवड्यात करू नये.

विमानांबद्दल फार लिहीत नाही. पूर्ण प्रवास एकाच तिकिटावर असावा, कारण वेगवेगळी स्वस्त तिकिटं जोडली आणि पहिलं विमान लेट झालं तर दुसरी कंपनी तुम्हाला ओळख देत नाही. डिसेंबर २०१० मध्ये बर्फामुळे लंडनचं हीथ्रो विमानतळ ठप्प झालं होतं, २ डिसेंबर २०२३ला म्युनिकचा विमानतळ बंद पडला, ३० डिसेंबर २०२३ला थेम्सखालच्या बोगद्यात पाणी शिरल्यामुळे लंडनच्या सगळ्या युरोस्टार रद्द झाल्या, नेमक्या नवीन वर्षाच्या तोंडावर. असं दर वर्षी होत नाही पण घरी परतायच्या विमानाच्या आदल्या रात्री तरी त्याच शहरात मुक्काम हवा. युरोपातून निघणारं विमान रद्द झालं तर हवामान कारण असलं तरी जेवण आणि हॉटेलची सोय कंपनीने करायची असते, नुकसानभरपाई मिळो न मिळो, हे तिथल्या काउंटरवर न लाजता मागा.

ट्रेनचं एक मात्र सांगायलाच हवं कारण त्यावरून घरोघरी घबराट होते. युरोपातल्या रेल्वेचं वेळापत्रक दर वर्षी डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारच्या मध्यरात्री बदलतं, यंदा १३ तारखेपासून नवीन. त्यामुळे जूनमध्ये तुम्ही २० डिसेंबरची तिकिटं शोधायला गेलात तर बऱ्याच मार्गांवर काहीच दिसत नाही. गाड्या बंद झालेल्या नसतात, नवीन वेळापत्रक अजून टाकलेलं नसतं, शरदात कधीतरी येतं आणि सुरुवातीची स्वस्त तिकिटं तेव्हाच मिळतात. तारखेचा रिमाइंडर लावून ठेवा आणि तोवर शांत बसा.

रोव्हानिएमीबद्दल लिहायला मला थोडं जड जातंय कारण पोराने तिथल्या सांताला पत्र लिहायला घेतलंय. गाव मोठं गमतीचं आहे खरं तर, १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने ते जवळजवळ पूर्ण जाळलं, मग अल्वार आल्टो या वास्तुविशारदाने रेनडिअरच्या डोक्याच्या आणि शिंगांच्या आकारात रस्त्यांची आखणी केली, आणि १९५० मध्ये अमेरिकेचे दिवंगत राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या पत्नी एलिनॉर येणार म्हणून आर्क्टिक सर्कलवर एक लाकडी खोपटं घाईघाईने बांधलं, त्याच्या आजूबाजूला पुढे सांताचं गाव वाढलं. ते बघायला जावं, माझं काही म्हणणं नाही. पण भाचीने तिथे एकच रात्र ठेवली होती आणि त्या एका रात्रीत नॉर्दर्न लाइट्स दिसणार असं गृहीत धरलं होतं. सूर्याकडून आलेले कण वातावरणात शंभरएक किलोमीटर उंचीवर ऑक्सिजनवर आदळतात आणि हिरवा उजेड होतो, तो ढगांच्या खूप वर असतो, ढग आले की संपलं, मग कितीही पैसे मोजा. चारपाच रात्री असतील तरच काही आशा, आणि त्यातही पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र मार्च आणि सप्टेंबरच्या आसपास जास्त खवळलेलं असतं, डिसेंबरात नाही. तिथे त्या दिवसांत सूर्य साधारण दोनच तास वर असतो, तापमान उणे दहा-वीस सहज, फोनची बॅटरी बघता बघता उतरते, सासूबाईंना बर्फात चालवायचं. आणि याच आठवड्यात तिथे वर्षातली सगळ्यात जास्त गर्दी. एका रात्रीसाठी दोन दिवस विमानात घालवायचे म्हणजे हातचं सोडून पळत्याच्या पाठी.

मग सासूबाईंना विचारलं तुम्हाला काय बघायचंय, आत्तापर्यंत कुणी विचारलंच नव्हतं. म्हणाल्या, "मला काही नको, बर्फ पडलेला बघायचाय फक्त." आता प्राग-व्हिएन्नाच्या रस्त्यावर ख्रिसमसला बर्फ असेलच असं हल्ली कुणी सांगू शकत नाही. पण व्हिएन्नाहून सेमरिंगला ट्रेन जाते, १८५४ साली डोंगरातून काढलेला रेल्वेमार्ग आहे, दगडी पूल, बोगदे, १९९८ पासून युनेस्कोच्या यादीत, खिडकीत बसून बघायचा, चालायला नको, गुडघ्याला त्रास नाही. वर स्टेशन नऊशे मीटरच्या आसपास आहे, शहरापेक्षा बर्फाची शक्यता पुष्कळ जास्त. वेबकॅमवर सकाळी बघायचं, दिसला बर्फ तर निघायचं. स्वित्झर्लंडमधल्या युंगफ्राउयोखचं ३४५४ मीटरवरचं स्टेशन भव्य आहे आणि बारा महिने चालू असतं हे मलाही माहीत आहे, पण ख्रिसमस ते नवीन वर्ष हा आल्प्समध्ये स्कीइंगचा ऐन हंगाम, बरीच हॉटेलं आठवड्याच्या खाली खोली देत नाहीत, आणि ढगात गेलात तर वर पांढऱ्या भिंतीशिवाय काही दिसत नाही.

तर आत्ता कागदावर काय उरलंय ते सांगते. न्यूरेंबर्ग, २३ला तिथून निघायचं, म्हणजे बाजार मिळाला. प्राग २३ ते २८, म्हणजे सगळीकडे शटर पडलेली असताना बाजार चालू असलेलं गाव. मग तिथून थेट ट्रेनने चार तासांत व्हिएन्ना, नवीन वर्षापर्यंत. ३१च्या मध्यरात्री सेंट स्टीफन कॅथेड्रलची मोठी घंटा वाजते आणि लगेच वॉल्ट्झ लागतो, लोक रस्त्यातच नाचायला लागतात, त्याला तिकीट नाही. लंडनच्या आतषबाजीला २०१४ पासून तिकीट आहे आणि ते बरंच आधी संपतं. व्हिएन्ना फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाच्या १ जानेवारीच्या मैफिलीची तिकिटं तर वर्षाच्या सुरुवातीलाच लॉटरीने वाटतात, त्याचं स्वप्न यंदा नको. व्हिसा एकच, अर्ज चेक प्रजासत्ताकाकडे कारण प्रागमधल्या रात्री सर्वात जास्त, उतरायचं एका शहरात आणि परतायचं दुसऱ्यातून, म्हणजे मागे येण्यात दिवस जात नाही. आठाची तीन ठिकाणं झाली तरी हे महत्त्वाकांक्षी नाही असं कुणी म्हणू नये, तीन देश, दोन भाषा, कडाक्याची थंडी आणि पहिल्यांदाच पासपोर्ट घेऊन निघालेली चार माणसं, पुरेसं धाडस आहे हे. पॅरिसवरून मात्र वाद अजून चालू आहे, जावयाला आयफेल टॉवर बघायचाच आहे आणि तो टॉवर नेमका वर्षभर उघडा असतो त्यामुळे माझा मुद्दा तिथे लंगडा पडतो.

ज्यांना थंडी-अंधार नकोच आहे त्यांच्यासाठीही तुमच्या पानावर दोन ओळी हव्यात. डिसेंबरात सिडनीला दिवस चौदा तासांहून मोठा असतो, न्यूझीलंडच्या क्वीन्सटाउनला रात्री साडेनऊला सूर्य मावळतो, फक्त तिथल्याही लोकांच्या तेव्हाच उन्हाळी सुट्ट्या असतात म्हणून गाडी आणि खोल्या फार आधी घ्याव्या लागतात. आणि जपान, माझ्या मते पहिल्या प्रवासासाठी डिसेंबरातला सगळ्यात कमी लक्षात येणारा पर्याय. तिथे २५ डिसेंबरला सुट्टीच नसते, सगळं चालू, टोकियोत हिवाळ्यात हवा कोरडी आणि आकाश निळं, फुजी पर्वत दिसायची शक्यता उन्हाळ्यापेक्षा कितीतरी जास्त. मात्र २९ डिसेंबर ते ३ जानेवारी तिथल्या नवीन वर्षाची सुट्टी, तेव्हा म्युझियमं आणि बरीच दुकानं बंद आणि नोझोमी बुलेट ट्रेनमध्ये आरक्षणाशिवाय बसताच येत नाही. २८ला परत निघा, बस.

संपादक महोदय, माझं म्हणणं एवढंच आहे की पुढच्या वेळी तुम्ही ते पान कराल तेव्हा एक फोटो कमी करा आणि त्या जागी एक चौकट टाका. दहाबारा शहरं घ्या, प्रत्येकासमोर २१ डिसेंबरचा सूर्योदय आणि सूर्यास्त, कुठल्या तारखांना दुकानं आणि गाड्या बंद, बाजार कधी संपतो, आणि व्हिसाची खिडकी कधी उघडते. तुमच्या उपसंपादकांना एका दुपारचं काम आहे. आणि ते जूनच्या पहिल्या रविवारी छापा, सहलीच्या कंपन्यांच्या जाहिराती तेव्हा मिळत नाहीत हे कारण मी ऐकून घेणार नाही, त्या छापलंत की आपोआप येतील.

कळावे,
आपली एक नियमित वाचक

ता. क. थंडीच्या कपड्यांवर तुम्ही अर्धा रकाना लिहिला होता आणि त्यात बुटांचं एक वाक्यही नव्हतं. एक जाड कोट घेण्यापेक्षा पातळ तीन थर बरे, कारण म्युझियम, ट्रेन, दुकान सगळीकडे आत हीटिंग असतं आणि दिवसातून वीस वेळा काढावं घालावं लागतं. पण बूट पाणी न शिरणारे आणि तळाला पकड असलेले हवेत, जाड मोजे घालून मावतील एवढे मोठे, आणि ते नवेकोरे घालून विमानात चढू नका, महिनाभर आधी घालून फिरा.